तिसरा फोटो कुठला? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रिप्टिकबद्दल दोन पानं लिहिली होती, म्हणजे तीन फोटो शेजारी शेजारी नाहीतर एकाखाली एक असे लावायचे की बघणाऱ्यानं ते तीन म्हणून नाही, एकच चित्र म्हणून बघावेत. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून फक्त गावं ठेवलीयेत.

ताई, आमच्या मिरजेत सतार-तानपुरे बनवतात त्या गल्लीत मी दोन महिने जाऊन फोटो काढले. त्यातले सगळ्यात चांगले तीन शेजारी लावले, भोपळ्यांचा ढीग, कारागिराचा चेहरा आणि भिंतीला टांगलेले तयार तानपुरे. सगळ्यांना आवडले पण आमचे मिस्टर म्हणाले, "तिन्ही छान आहेत, पण एकत्र कशाला?" राग आला, उत्तर मात्र सुचलं नाही. (मिरज)

मिस्टरांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय हो, रागावू नका. मी स्वतः एकच गोष्ट करून बघते, तीन प्रिंट टेबलावर मांडायचे आणि त्यातल्या एकावर हात ठेवून तो झाकायचा, बाकीचे दोन अडखळले पाहिजेत, काहीतरी राहिलंय असं वाटलं पाहिजे. तुमच्या तिघांवर हे करून बघितलं तर कुठलाही झाका, उरलेले दोन आरामात उभे राहतात, कारण तुम्ही प्रत्येक फोटो एकटा सर्वात चांगला म्हणून निवडलाय आणि असा फोटो स्वतःतच पुरा असतो, त्याला शेजारी लागतच नाही. शिवाय कच्चा माल, मग कारागीर, मग तयार वस्तू हा क्रम बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतो, पहिला भोपळा बघितला की शेवटी तानपुरा येणार हे कळतंच. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यानंतर याच क्रमाचे फोटो मी स्वतः बरेच बघितलेत.

पण तुम्ही मेलमध्ये जाता जाता एक वाक्य लिहिलंय की "एकात नुसती बोटं आलीयेत, हललेला आहे, म्हणून टाकून दिला." तो फोटो शोधून काढा! तुम्हीच सांगितलंय की त्यात कारागीर तारेखाली दोरा सरकवतायत. म्हणजे तो जीव. तानपुऱ्याची तार घोडीवर जिथे टेकते तिथे सुताचा बारीक धागा घालतात, त्याला जीव म्हणतात, तो केसभर पुढे-मागे झाला की जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, बदलते आणि बंद वाटणारा आवाज एकदम खुलतो. अख्ख्या गल्लीचं काम त्या धाग्यावर येऊन थांबतं आणि तो फोटो तुम्ही टाकून दिलाय. तो मध्ये लावा, हललेला असला तरी चालेल, बोटं हलतच असतात तेव्हा. डावीकडे भोपळ्यांचा ढीग नको, एकाच भोपळ्याची गोलाई घ्या, अर्धी फ्रेमच्या बाहेर गेलेली, अंधारातली. आणि उजवीकडे त्यांचा चेहरा पण कॅमेऱ्याकडे बघणारा नाही, जवारी लावताना ते कान देऊन ऐकत असतील ना तेव्हाचा, कान दिसला पाहिजे. मग डावीकडची गोलाई उजवीकडे कानात परत येते आणि मधला धागा दोघांना बांधतो. असा चेहरा तुमच्याकडे नसेल तर परत एकदा जा, दोन महिने गेलात तर अजून एक सकाळ काही जास्त नाही.

क्रमाचे फोटो वाईट असतात असं मात्र मला म्हणायचं नाहीये. चिनी कलाकार आय वेवे यांचं १९९५ चं काम बघा, हान काळातला कलश हातातून सोडतानाचे तीन काळे-पांढरे फोटो, कलश हातात, कलश हवेत आणि खाली तुकडे. सरळ सरळ क्रम आहे. पण तिन्ही फोटोंत त्यांचा चेहरा जराही बदलत नाही आणि कलशापेक्षा आपण त्या चेहऱ्याकडेच परत परत बघतो. काय बदलतं आणि काय बदलत नाही, दोन्ही दिसलं की क्रम उभा राहतो.

सासूबाई म्हणतात तिघांचा फोटो काढू नये आणि तीन फोटो एका ओळीत भिंतीवर लावू नयेत, तीन तिगाडा काम बिगाडा. मला खूप हौस आहे पण घरात वाद नकोय. (लातूर)

वाद घालूच नका. तीन माणसं एका फोटोत नकोत हे खुशाल पाळा, आपल्या छंदाचं त्यात काही जात नाही. तीन फ्रेमचं मात्र त्यांच्याशी प्रेमानं बोला, बेलाचं पान तीन दलांचंच असतं आणि दत्ताची तसबीर घरात असेल तर तिथेही तीन मुखं आहेत. घारापुरीच्या लेण्यात समोरच जी प्रचंड मूर्ती आहे, तिला तीन चेहरे आहेत, एक शांत, एक उग्र, एक कोमल, आणि मला तर ते दगडातलं ट्रिप्टिकच वाटतं, मधला चेहरा समोर आणि बाजूचे दोन बाहेर वळलेले. आणि अजून एक करा, पहिलं ट्रिप्टिक त्यांच्याच हातांचं करा. पहाटे रांगोळीचे दोन बोटांत धरलेले कण, दुपारी सुपात तांदूळ निवडणारे हात आणि रात्री मांडीवर ठेवलेले रिकामे हात. तिन्ही वेळा मोबाइल तेवढ्याच उंचीवर धरा. आधी त्यांना छोटे ४×६ चे प्रिंट हातात द्या, भिंतीचं नंतर बघू.

सगळे नुसतं "छान कंपोझिशन करा" सांगतात. मला माप सांगा ना, मोबाइलचे फोटो कसे कापायचे, मध्ये किती जागा सोडायची, लॅबवाल्याला काय सांगायचं? (नाशिक)

सांगते, अगदी मापासकट. मोबाइलचा फोटो साधारण ४:३ असतो आणि डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याचा ३:२. कॅमेऱ्याचे तीन उभे फोटो चिकटवून ठेवले की एकूण आकार २:१ होतो, मोबाइलचे तीन उभे ठेवले तर ९:४, तीन चौकोनी ठेवले तर ३:१ म्हणजे लांबच लांब पट्टी. मला स्वतःला सुरुवातीला चौकोनी बरे वाटतात कारण कापताना नको ते बाजूला काढायची सवय लागते.

आता प्रिंट. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये १२×१८ इंचाचा कागद सहज मिळतो, त्या एकाच कागदावर तिन्ही फोटो बसवा. पाच-पाच इंचाचे तीन चौकोन झाले पंधरा इंच, मध्ये अर्धा-अर्धा इंच सोडला की सोळा, दोन्ही कडेला एकेक इंच उरला, झाले अठरा. उंचीत बारापैकी पाच इंच फोटो, उरलेल्या सातांपैकी वर तीन आणि खाली चार ठेवा, खाली थोडं जास्त ठेवलं नाही तर फोटो खाली घसरल्यासारखे दिसतात. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, पाच इंच म्हणजे १५०० पिक्सेल, कुठल्याही साध्या मोबाइलचा फोटो तेवढं देतो, त्यामुळे कॅमेरा नाही म्हणून थांबू नका. फाइल ५४०० बाय ३६०० पिक्सेलची पांढरी करायची आणि त्यावर तीन फोटो ठेवायचे, गिंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटात होतं, लाइटरूम क्लासिक असेल तर प्रिंट मॉड्यूलमध्ये एक ओळ तीन रकाने करून जेपेग काढता येते.

एका कागदावर घ्या असं आग्रहानं सांगायला कारण आहे. मी एकदा तीन वेगळे ८×१२ करायला दिले होते, पावसाळ्यातल्या कृष्णेच्या घाटाचे, संध्याकाळचा निळा-करडा उजेड होता, आणि मशीननं प्रत्येक फोटोचा रंग आपापला "सुधारून" दिला. एक पिवळा, एक जांभळट, एक ठीक. तीन वेगळ्या दिवसांचे फोटो वाटायला लागले आणि महिनाभराचं काम गेलं. म्हणून लॅबमध्ये तोंडी सांगू नका, पाकिटावर लिहा, ऑटो करेक्शन नको, कडा कापू नका, मॅट पेपर.

काढतानाच काळजी घेतलीत तर निम्मं काम वाचतं. एकाच बैठकीतले तीन फोटो असतील तर मोबाइलच्या स्क्रीनवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो (बऱ्याच फोनमध्ये होतो), नाहीतर प्रत्येक क्लिकला फोन स्वतःच उजेड ठरवतो. क्षितिज, पायरी, टेबलाची कड, जी काही आडवी रेष असेल ती तिन्हीत एकाच उंचीवर येऊ द्या. आणि कडेच्या फोटोंतली माणसं शक्यतो आत बघणारी हवीत, बाहेर बघणारी असली की नजर भिंतीवर जाते. मुद्दाम बाहेर बघणारी लावता येतात, पण ते का केलंय हे तुम्हाला माहीत पाहिजे.

सोफ्यामागच्या भिंतीवर रायगडाचा एकच मोठा फोटो तीन कॅनव्हासवर करून लावलाय, पण डोंगराची रेघ तुटल्यासारखी वाटते. काय चुकलं? (ठाणे)

गॅपचा हिशोब राहिला. फोटो तीन ठिकाणी कापून तसाच लावला आणि मध्ये दीड इंच जागा सोडली की उतरती रेघ दीड इंच पुढे जाऊन त्याच उंचीवर सुरू होते, म्हणजे डोळ्याला पायरी दिसते. खिडकीच्या उभ्या पट्टीमागे डोंगर दिसतो तेव्हा पट्टीमागचा भाग आपल्याला दिसत नाही पण तो असतो, तसं करायचं. बारा-बारा इंचाचे तीन तुकडे आणि दीड-दीड इंचाच्या दोन फटी हव्या असतील तर फोटो ३६ नाही, ३९ इंच रुंद धरायचा आणि फटींच्या जागची पट्टी टाकून द्यायची. हृदयावर दगड ठेवून टाका.

पुढच्या वेळी तीन सारखे तुकडे करायच्या आधी एक अजून बघा. युरोपातल्या चर्चमधली जुनी ट्रिप्टिक दाराच्या झडपांसारखी मिटायची, म्हणून बाजूचे फलक मधल्याच्या अर्ध्या रुंदीचे असायचे, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं हिरोनिमस बॉशचं प्रसिद्ध ट्रिप्टिक तसंच आहे. मध्ये २४ आणि कडेला १२-१२ इंच असं केलंत तर गडाचा माथा न कापता मध्ये अख्खा राहील. खरं सांगायचं तर एकच फोटो कापून तीन करणं मला फारसं आवडत नाही, ती भिंतीची सजावट होते. पण भिंत तुमची आहे, आणि रायगड आहे.

मी अकरावीत आहे. इन्स्टावर ट्रिप्टिक टाकतो पण ग्रिडमध्ये उलटं दिसतं, कॅरोसेलमध्ये (एकाच पोस्टमध्ये बोटानं सरकवत बघायचे फोटो) टाकलं तर लोक पहिलाच फोटो बघून पुढे जातात, व्हॉट्सॲपवर पाठवलं तर धूसर होतं. लाइक पण येत नाहीत. सोडून देऊ का? (कुडाळ)

अरे नाही! आधी सोपं ते सांगते. ग्रिडमध्ये नवीन पोस्ट डावीकडे वर येते, म्हणून उजवा फोटो आधी टाकायचा, मग मधला, डावा सगळ्यात शेवटी. आणि नंतर एक जरी नवीन फोटो टाकलास तर अख्खी ओळ सरकते, म्हणजे पुढेही तीन-तीनच टाकावे लागतील, मला हे कायमचं ओझं वाटतं. त्यापेक्षा तिन्ही एकाच फाइलमध्ये जोडून टाक. शेजारी शेजारी लावलेले मोबाइलवर बोटाएवढे दिसतात, म्हणून ऑनलाइनसाठी वेगळी आवृत्ती कर, आडवे फोटो एकाखाली एक. फोन उभाच धरतात सगळे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग फाइल जशीच्या तशी जाते.

आता कॅरोसेलचं, आणि इथे तू ज्या गावात आहेस त्याचा फार मोठा फायदा आहे तुला. तुझ्यापासून अगदी जवळ पिंगुळी आहे, तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तू बघितलीयेस का? परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. चित्रांचा एक संच असतो, त्याला पोथी म्हणतात, आणि कथेकरी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली गोष्ट वाद्यांच्या साथीनं गाऊन सांगतात. बघणाऱ्याला सगळी चित्रं एकदम दिसतच नाहीत, एक जातं आणि दुसरं येतं आणि मधल्या वेळात आवाज असतो. कॅरोसेल हेच आहे, भिंतीवरचं ट्रिप्टिक नाहीये ते. भिंतीवर तिन्हीकडे एकदम नजर जाते, परत मागे येते, पण कॅरोसेलमध्ये मागचा फोटो डोक्यात ठेवून पुढचा बघायचा असतो. म्हणून तिथे पहिला फोटो अर्धवट पाहिजे, कडेनं काहीतरी आत येतंय किंवा बाहेर जातंय असा, नाहीतर बोट पुढे का सरकवायचं कोणी? सगळ्यात देखणा फोटो पहिला टाकलास तर लोक तिथूनच परत जातात, तुझं नेमकं तेच होतंय. एकदा पिंगुळीला जाऊन बस, कुठलं चित्र किती वेळ धरतात ते घड्याळ लावून बघ.

लाइकचं असं आहे की एक सेकंद बघून दिलेल्या शंभर लाइकमधून तुला काहीच कळत नाही. ४×६ चे तीन प्रिंट काढ, चार जणांना हातात दे, काही सांगू नकोस, शीर्षक पण नको, आणि ते कुठल्या क्रमानं लावतात ते बघ. माझ्याकडे एका मैत्रिणीनं माझेच फोटो उलटे लावले होते आणि ते जास्त चांगले झाले, आजही तसेच लावलेत. आणि अकरावीतच तीन ओळींच्या हायकू वाच, शिरीष पै यांनी मराठीत आणलेला प्रकार. पहिल्या दोन ओळींनंतर तिसरी कुठून येते ते बघितलंस की तिसरा फोटो कुठला घ्यायचा ते मला विचारावं लागणार नाही.

वारीत काढलेल्या फोटोंचं ट्रिप्टिक केलं. एका आजींचे भेगाळलेले पाय, मध्ये विठ्ठलाचा कळस आणि शेवटी एका हॉटेलात ताटात टाकलेलं अन्न. मित्र म्हणतात जबरदस्त आहे, स्पर्धेला पाठव. मला कुठेतरी खटकतंय. (सोलापूर)

तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे, पाठवू नका. तीन फोटो शेजारी ठेवले की आपण न बोलता एक वाक्य बोलतो आणि तुमचं वाक्य "ही बाई बिचारी आहे" असं होतंय. त्या आजी स्वतःहून चालत आल्यात, अडीचशे किलोमीटर चालल्या असतील आळंदीपासून, त्यांना त्याचा अभिमान असेल, आणि तुम्ही त्यांचे पाय कुणाच्या तरी उष्ट्या ताटाशेजारी लावलेत. एकट्या पायांच्या फोटोत ही चूक नव्हती, ती शेजारामुळे झाली. तसंच ज्यांनी ताटात टाकलं त्यांच्याबद्दलही तुम्हाला काहीच माहीत नाही.

माणसाच्या फोटोची परवानगी घेताना आपण "फोटो काढू का" एवढंच विचारतो, ट्रिप्टिक करणार असाल तर "कशाशेजारी लावणार आहे" हे पण सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. ते गर्दीत जमत नाही, मान्य आहे. मग निदान त्या आजी समोर उभ्या राहून हे बघतायत असं मनात आणा, त्यांना बरं वाटेल का? पाय ठेवा, कळस ठेवा, ताट काढा. तिसऱ्या जागी काय ते तुमच्याच वारीच्या फोटोंत असेल, पाणी देणारे हात, वाळत घातलेली नऊवारी, डोक्यावरची तुळस. आणि पाय डावीकडे आणि कळस उजवीकडे करून बघा, मधली जागा चालण्याची आहे.

वय ७१. माझ्याकडे आमच्या घराच्या ओट्याचे दोन फोटो आहेत. १९७४ चा, आई पायरीवर बसलेली, आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला. १९९८ चा, त्याच पायरीवर पत्नी, रंगीत. दोन्ही मी काढले. आता दोघी नाहीत आणि घर पुढच्या वर्षी पाडणार आहेत. तिसरा काढायचा आहे. कसा काढू, पायरीवर कोणाला बसवू? (अकोला)

काका, तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं. आधी कामाचं सांगते. क्लिक थ्रीचा फोटो चौकोनी यायचा, १२० च्या रोलवर बारा फोटो, तर तोच आकार तिघांना द्या. जो सगळ्यात जुना आहे त्याला कापायचं नाही, बाकीच्यांनी त्याच्याएवढं व्हायचं. दोन्ही जुने प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या, लॅमिनेशन केलेलं असेल तर काढायचा प्रयत्न करू नका, तसंच स्कॅन करा. १९७४ ची निगेटिव्ह सापडली तर फारच उत्तम, पत्र्याच्या डब्यात, लग्नाच्या अल्बमच्या मागे, सगळीकडे बघा. तिन्ही काळे-पांढरे करून सारखे दिसतील असा सल्ला तुम्हाला कोणी देईल, ऐकू नका. रंगीत फोटो लालसर झाला असेल तर तो तसाच राहू द्या, थोडा फार सुधारा पण नवा करू नका.

नवीन फोटोसाठी पायरीची कड हीच तुमची रेष. जुना प्रिंट हातात धरून उभे राहा आणि पायरी, दाराची चौकट आणि वरचं कौल एकमेकांशी तसेच जुळेपर्यंत मागे-पुढे सरका, बहुतेक तुम्ही तेव्हा जिथे उभे होतात तिथेच याल. आईंच्या फोटोत सावली कुठल्या बाजूला पडलीये ते बघून वेळ ठरवा, जमलं तर महिनाही तोच धरा.

कोणाला बसवू, याचं मी काय सांगणार. दोन्ही फोटो तुम्ही काढलेत म्हणजे तुम्ही त्या पायरीसमोर कायम उभेच होतात. दोन फोटो काढा, एक रिकाम्या पायरीचा आणि एक तुम्ही बसलेला, तो नातवाला नाहीतर शेजारच्या कोणाला काढायला द्या पण तुम्ही जिथे उभे होतात तिथेच त्याला उभं करा, खडूनं खूण करून ठेवा. दोन्ही छापा, आईंच्या आणि काकूंच्या फोटोशेजारी आठ-आठ दिवस ठेवून बघा. घाई नाहीये, पण पावसाळ्याच्या आधी काढा, ओट्यावर शेवाळं धरलं की पायरीची कड दिसत नाही.